लायल हाकालाची तीन मिनिटं

अमेरिकेच्या उत्तर भागातल्या, सरोवराकाठच्या टॅमरॅक बे गावात असं एकही घर नसेल, ज्याच्या तळघरात लायल हाकाला कधी ना कधी गुडघे टेकून बसलेला नाही. गेली अठ्ठावीस वर्षं गावातले सगळे बॉयलर तोच दुरुस्त करतो. उणे पंचवीसच्या थंडीत घर तापवणारा बॉयलर बंद पडला की माणसाला देव नंतर आठवतो, आधी लायल आठवतो. तो येतो, दारात बूट काढतो, मोज्याला भोक असलं तरी ते लपवत नाही, खाली उतरतो आणि तासाभराने वर येऊन "झा-झालं" म्हणतो. कॉफी विचारली तर मान हलवतो. वेलदोड्याचा पाव पुढे केला तर दोन तुकडे खातो. बोलत मात्र नाही.

गावात म्हणत, लायल म्हणजे तोंडात कायमची गुळणी धरलेला माणूस. काही म्हणत, शिष्ट आहे. दोन्ही खोटं. त्याला बोलायचं असे, पुष्कळ बोलायचं असे, पण तो तोतरा होता. पहिलं अक्षर दाताशी येऊन अडायचं आणि समोरचा माणूस, स्वभावाने भला असला तरी, त्याचं वाक्य त्याच्याआधी पुरं करून मोकळा व्हायचा. "व्ह-व्ह-" म्हटलं की "व्हॉल्व्ह ना? बदल, बदल." त्याला "व्हेंट", म्हणजे धूर बाहेर सोडणारा पाइप, म्हणायचं असायचं. पण आता कोण सांगत बसणार? पुढच्या खेपेला व्हेंट बदलावाच लागे.

हे सुरू झालं दुसरीत. दर शुक्रवारी शाळेची पोरं गावच्या लायब्ररीत नेत, मुलांच्या कोपऱ्यात गोल बसवत आणि प्रत्येकाने पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायचं असे. लायलचं पान आलं. पहिल्याच शब्दावर गाडी रुतली. बाई थांबल्या, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं, पुढच्याने वाच." कुणी हसलं नाही. बाई दुष्ट नव्हत्या, नुसत्या घाईत होत्या. पण त्यानंतर दर शुक्रवारी त्याचं पान पुढच्याने वाचलं आणि सात वर्षांच्या लायलने मनाशी एक गोष्ट धरली ती पन्नाशी उलटली तरी सोडली नाही. या खोलीत बसून एक आख्खी गोष्ट मोठ्याने वाचायची. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत.

तेविसाव्या वर्षी तो बॉयलरचं काम शिकायला मिलवॉकीला गेला. त्याच्या वर्गातला एक जण गुरुवारी एका छोट्या बारमध्ये ड्रॅग करायचा, म्हणजे बाईचा वेष घेऊन, नट्टापट्टा करून, स्टेजवर गाणी आणि गप्पा. एकदा त्याची जोडीदारीण आजारी पडली. त्याने गंमत म्हणून लायलच्या डोक्यावर लाल केसांचा विग चढवला आणि ढकललं दिव्यासमोर. लायल घाबरून गार झाला. तोंड उघडलं तर आतून एक खणखणीत आवाजाची, खवचट, प्रेमळ बाई बाहेर आली आणि न अडखळता सलग अकरा मिनिटं बोलली. शेवटी लोक टेबलं बडवत होते आणि लायल पडद्यामागे जाऊन ढसाढसा रडला.

असं का होतं, याची कारणं डॉक्टरांकडे असतील. लायलचं कारण साधं होतं. तो म्हणायचा, "ति-तिचं वाक्य अजून कु-कुणी तोडलेलं नाही."

तिचं नाव ठेवलं मिस थिंबलबेरी. ऑगस्टात इकडच्या रानात पिकणारं हे तांबडं, आंबट, हातात घेताच चुरगळणारं फळ. गावी परतल्यावरही महिन्यातून एका शनिवारी लायल हत्यारांच्या पेटीखाली झगा घडी घालून तीन तास गाडी हाकत ग्रीन बेच्या एका बारमध्ये कार्यक्रम करायला जायचा. वीस-बावीस वर्षं गावात कुणाला पत्ता नव्हता. पत्ता लागला तो एकटीला, लायब्ररी सांभाळणाऱ्या डोरीन टर्व्होला. भाचीच्या लग्नाआधीच्या पार्टीला ती ग्रीन बेला गेली होती. स्टेजवरच्या बाईचे हात तिने ओळखले. ते हात तिच्या बॉयलरच्या पाइपांवरून फिरताना तिने वर्षानुवर्षं पाहिले होते. डोरीन सहा वर्षं गप्प राहिली. गावच्या मानाने हा विक्रमच.

मग एका फेब्रुवारीत, लायब्ररीच्या तळघरात त्याच्यासाठी टॉर्च धरून उभी असताना ती म्हणाली, "लायल, शनिवारी सकाळी मुलांची गोष्ट असते ना. मिस थिंबलबेरी वाचेल का एक?"

लायलच्या हातातला पाना खाली पडला. तीन आठवडे तो लायब्ररीकडे फिरकला नाही. चौथ्या आठवड्यात आला तो पुस्तक निवडूनच.

डोरीनने दारावर कागद लावला, "शनिवारी अकरा वाजता मिस थिंबलबेरी गोष्ट वाचणार." खाली लाल विगातला फोटो. आणि गावाच्या डोक्यात वारं शिरलं.

गावच्या साप्ताहिकात पत्रांना पानं पुरेनात. कुणी लिहिलं, "पुरुषाने झगा घालून आमच्या लेकरांसमोर कशाला यायचं? बार कमी पडले का?" कुणी लिहिलं, "गोष्टच वाचणार आहे ना? हॅलोविनला तुम्ही स्वतः चेटकीण होऊन दारोदार फिरता तेव्हा पोरं बिघडत नाहीत वाटतं." चर्चमध्ये दोन बाकांवरचे लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ही मिस थिंबलबेरी कुठल्यातरी मोठ्या शहरातून गावात उतरणार.

विरोधकांचा म्होरक्या क्लिफर्ड नीमी. हार्डवेअरचं दुकान मुलाकडे सोपवून मोकळा झालेला, चर्चचा कारभारी. माणूस वाईट नाही हो. कुणाच्या दारात बर्फ साचलं तर न सांगता फावडं घेऊन जाणारा. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली. "शहरातली थेरं शहरात," हे त्याचं पालुपद.

लायलची पंचाईत अशी की हे सगळं त्याला तळघरात बसून ऐकावं लागे. तो बॉयलरमध्ये डोकं घालून बसलेला आणि वर जिन्यात घरमालक तावातावाने, "लायल, तूच सांग. तू साधा माणूस. पटतं का तुला हे?" लायल आतून म्हणे, "हं." खुद्द क्लिफर्ड त्याला पंप बदलायला बोलावून पाऊण तास बोलला. शेवटी म्हणाला, "तुझ्याशी बोललं की बरं वाटतं बघ. तू ऐकून घेतोस."

त्या संध्याकाळी लायल डोरीनकडे गेला. "मी ना-नाही वाचत," तो म्हणाला.

"भीती वाटते?"

"घ-घरोघरी जावं लागतं मला. उद्या त-त-"

डोरीनने त्याचं वाक्य पुरं केलं नाही. ती थांबली. फार थोडी माणसं असं थांबतात.

"-तळघरात कु-कुणी घेईल का मला?"

"ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "पण सोमवारी लायब्ररीच्या मंडळाची बैठक आहे. कार्यक्रम ठेवायचा की काढायचा, पाच जण हात वर करून ठरवतील. काढला तर पुन्हा तो या इमारतीत यायचा नाही. माझ्या हयातीत तरी नाही."

आता बैठकीची रीत अशी. गावातल्या कुणालाही बोलता येतं, पण फक्त दहा जणांना, प्रत्येकी तीन मिनिटं. त्या दिवशी सकाळी आठला लायब्ररी उघडली की काउंटरवर कागद ठेवतात, त्यावर पहिली दहा नावं लागतील ती. आपली वेळ दुसऱ्याला देऊन टाकायची मुभाही होती. ही मुभा महिन्यापूर्वीच क्लिफर्डने भांडून मिळवली होती, कारण त्याने दक्षिणेकडून, सरोवरावरच्या मोठ्या पुलापलीकडून, एक नावाजलेला वकील ठरवला होता. आपल्या माणसांनी दहाच्या दहा जागा अडवायच्या, सगळ्यांनी आपली वेळ वकिलाला द्यायची, वकील अर्धा तास बोलणार आणि दुसऱ्या बाजूला तोंड उघडायला जागाच नाही. डाव बिनतोड होता.

सोमवारी आठला क्लिफर्ड आपली माणसं घेऊन दारात हजर. आत गेला तर कागदावर पहिलं नाव आधीच लिहिलेलं. लायल हाकाला. तो सात वाजल्यापासून तळघरात लायब्ररीचा बॉयलर उघडून बसला होता आणि आठच्या ठोक्याला वर आला होता.

"हे काय?" क्लिफर्ड म्हणाला. "दार तर आत्ता उघडलं."

"कागद आठला ठेवला," डोरीन म्हणाली. "आठला तो इथे उभा होता. नियम तो नियम, क्लिफ."

क्लिफर्डने लायलकडे पाहिलं आणि हसला. "अरे, आपलाच माणूस आहे. असू दे." उरलेल्या नऊ ओळी त्यांनी भरल्या. शेवटची, दहावी, क्लिफर्डने स्वतःसाठी ठेवली.

दुपारी वारं सुटलं. असलं वारं की चारला पूल बंद झाल्याची बातमी आली. वकील पलीकडच्या बाजूला एका हॉटेलात सूप पीत अडकला. सहाला बैठक सुरू झाली तेव्हा क्लिफर्डकडे सत्तावीस मिनिटं होती आणि ती बोलायला माणूस नव्हता. त्याच्या लोकांनी भाषणं लिहिलीच नव्हती. लिहिणार कशाला? वकील बोलणार होता!

खोली खच्चून भरली होती. अध्यक्षबाईंनी अंड्याच्या आकाराचा, स्वयंपाकघरात असतो तसला टायमर टेबलावर ठेवला. "पहिलं नाव, लायल हाकाला. नाव, पत्ता सांगा आणि बोला."

लायल उठला. छातीवर नाव शिवलेलं कामाचं जाकीट, बगलेत एक पातळ पुस्तक. सगळ्या माना वळल्या. हा बोलणार?

"ला-ला-लायल हाकाला. पा-पाइन स्ट्रीट, चौदा." घाम पुसला. "आणि मि-मि-मि-"

खोलीतल्या प्रत्येकाच्या जिभेवर पुढचा शब्द होता आणि प्रत्येकाचा चुकीचा.

"-मिस थिंबलबेरी म्हणजे मी-मीच."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा. त्याला मी परवाच घराची किल्ली दिली!"

"आईशप्पथ, लायल?" क्लिफर्ड उभाच राहिला. "तू माझ्या तळघरात पाऊण तास-"

"बसा, क्लिफर्ड. तुमची वेळ दहावी," अध्यक्षबाई म्हणाल्या.

लायलने पुस्तक उघडलं. "मी का-काय वाचणार, ते सगळे विचारतात. म्हणून वा-वाचतो."

आणि त्याने वाचायला घेतलं. विग नाही, झगा नाही, खणखणीत आवाजही नाही. हिल्मा नावाची म्हातारी रानाच्या कडेला एकटी राहते. भर हिवाळ्यात, कुणी कधी जागं होत नाही अशा वेळी, गुहेतल्या अस्वलिणीला जाग येते. अस्वलीण बर्फ तुडवत निघते. एवढं व्हायला तीन मिनिटं संपली. टायमर खणाणला. लायलचं तोंड उघडं राहिलं आणि मग त्याने पुस्तक मिटलं. आयुष्यभराची सवय. संपली वेळ, पुढच्याची पाळी.

"दुसरं नाव, आर्लीन कोस्की."

आर्लीन ब्याऐंशी वर्षांची. ती उठली नाही, काठी वर केली. "क्लिफने मला फक्त सही करायला सांगितलं होतं. बोलणारा पुलापलीकडे बसलाय. माझी तीन मिनिटं या पोराला द्या."

"आर्लीन!" क्लिफर्ड ओरडला.

"ओरडू नकोस. ती अस्वलीण कुठे चाललीय ते मला कळू दे."

लायलने पुस्तक उघडलं. अस्वलीण म्हातारीच्या कुंपणाशी आली. कोंबड्या ओरडायला लागल्या. म्हातारी एका पायावर लंगडत उठली आणि तिने भिंतीवरची बंदूक काढली. टायमर खणाणला. या गावात दर तिसऱ्या घरात भिंतीवर बंदूक आहे. माणसं खुर्चीच्या कडेवर आली. तिसऱ्या नंबरवाल्याने खाकरून "द्या त्याला" म्हटलं. चौथ्याने नुसती मान हलवली. पाचव्याने क्लिफर्डकडे न बघता बोट दाखवलं. सहाव्याने दिली नाही. तो उठला, "हे चूक आहे, आणि चूक ते चूक," एवढंच म्हणाला आणि हाताची घडी घालून बसला. त्याची उरलेली अडीच मिनिटं सगळ्यांनी मुकाट्याने त्याच्याबरोबर बसून काढली. सातव्याने दिली. आठव्याने विचारलं, "कोणती बंदूक आहे म्हातारीकडे?" लायल म्हणाला, "चि-चित्रात नीट दिसत नाही," आणि लोक पहिल्यांदा हसले. त्यानेही दिली. प्रत्येकाच्या तीन मिनिटांत अस्वलीण दाराकडे एकेक पाऊल सरकत होती.

नववी शेल्बी रँटाला. दोन लहान मुलांची आई, विरोधकांमधली खरी काळजी करणारी. ती उठून नीट बोलली. "माझं लायलशी काही वाकडं नाही. पण माझी मुलगी पाच वर्षांची आहे. मला साधं विचारायचंय. शनिवारी हेच पुस्तक वाचणार का? आणि कपडे कसले?"

"हे-हेच," लायल म्हणाला. "झगा पा-पायघोळ. गळ्यापर्यंत बंद." मग जरा थांबून, "ला-लायब्ररीत फार थंडी असते. बॉयलर जु-जुना आहे."

हशा एवढा मोठा झाला की अध्यक्षबाईंना टेबल वाजवावं लागलं. शेल्बीही हसत होती. "माझी दोन मिनिटं उरलीत. घे."

आता अस्वलीण दार ठोठावते. म्हातारी आतून विचारते, कोण? मी. मी कोण? अस्वलीण. म्हातारी बंदूक रोखते, कडी काढते, दार उघडते. थंडी घरात शिरते. काय पाहिजे तुला, म्हातारी विचारते. अस्वलीण तोंड उघडते आणि म्हणते-

"धु-धु-धु-"

शब्द सुटेना. मानेच्या शिरा ताठ झाल्या. कुणी तो शब्द त्याच्याआधी म्हटला नाही, कारण कुणाला तो ठाऊकच नव्हता. टायमर खणाणला.

"दहावं नाव," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांचाही आवाज खाली आला. "क्लिफर्ड नीमी."

क्लिफर्ड उठला. शेवटचा शब्द त्याचा, हे त्यानेच ठरवलेलं. त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं. त्यांतला एकही जण त्याच्याकडे बघत नव्हता. सगळे पुस्तकाकडे बघत होते. तो लायलकडे वळला, लाल झालेला.

"माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला. "कान उघडे ठेवून ऐका सगळ्यांनी. बदललेलं नाही. पण त्या म्हातारीच्या दारात अस्वल उभं आहे आणि दार सताड उघडं आहे. घे माझी तीन मिनिटं, आणि संपव एकदाचं!"

लायलने श्वास घेतला.

"धु-धूर," त्याने वाचलं. "तु-तुझ्या धुराड्यातून दोन दिवस धूर आला नाही. म्हणून ब-बघायला आले."

इकडे हिवाळ्यात सकाळी उठल्यावर माणूस खिडकीतून आधी शेजाऱ्याच्या धुराड्याकडे बघतो. धूर दिसला की कॉफी करतो. नाही दिसला की बूट चढवतो. आर्लीनने रुमाल काढला. क्लिफर्ड खिडकीबाहेर बघू लागला, जिथे काळोखाशिवाय काही नव्हतं.

पुढचं सगळं लायलने वाचलं. म्हातारीचा मुरगळलेला पाय, अस्वलिणीने आणलेली लाकडं, पेटलेली चूल आणि चुलीपुढे एप्रिलपर्यंत घोरत पडलेली अस्वलीण. तो सगळीकडे अडखळला आणि कुठेही थांबला नाही. शेवटचं वाक्य झालं तेव्हा टायमरमध्ये अर्धं मिनिट शिल्लक होतं. त्याने पुस्तक मिटलं आणि टायमर वाजेपर्यंत तो तसाच उभा राहिला, कारण ते अर्धं मिनिट त्याचं होतं. आपण उंच झालो आहोत असं त्याला वाटलं. खरंच तसं वाटलं.

मंडळाने हात वर केले. तीन विरुद्ध दोन. कार्यक्रम राहिला.

शनिवारी क्लिफर्ड आणि सहा जण फलक घेऊन बाहेर पदपथावर उभे होते. डोरीनने त्यांना कॉफी पाठवली, त्यांनी ती घेतली. तीन घरांनी लायलला कळवलं होतं की यापुढे आम्ही दुसरा माणूस बघू. जवळचा दुसरा माणूस सत्तर मैलांवर राहतो. बघू दे त्यांना.

आत एकेचाळीस मुलं गोल बसली होती. मिस थिंबलबेरी लाल विगात, गळ्यापर्यंत बंद झग्यात खुर्चीवर बसली आणि तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. दोन पानं झाली. मग शेल्बीची पाच वर्षांची मुलगी उभी राहिली. "तू लायल आहेस ना? आमच्या तळघरात येतोस तो?"

मिस थिंबलबेरीने मुलीकडे पाहिलं. खोटं बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"ह-हो," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मिस थिंबलबेरी पहिल्यांदाच अडखळली होती. क्षणभर लायलला वाटलं, संपलं, हा आवाजही गेला. पण मुलं बसलेलीच होती. तोंडं वर करून, चित्राकडे बघत, वाट बघत. त्यांना कुठे जायचं नव्हतं. मग तो स्वतःच्या आवाजात वाचू लागला. झग्यात, विगात आणि तोतरा. आणि त्याला इतका आनंद झाला की एक पान त्याने दोनदा वाचलं.

अस्वलीण दारात उभी असताना पहिल्या रांगेतला एक मुलगा उठून धावत बाथरूमला गेला. बऱ्याच वेळाने पँट वर ओढत परत आला.

"आली का ती आत?" त्याने विचारलं.

"अ-अ-अजून नाही," लायल म्हणाला.

"बरं झालं," मुलगा म्हणाला आणि मांडी घालून बसला.